कुत्र्याची भाकर कुठं गेली?

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावाच्या आसपासच्या खेड्यांत कुत्र्यासाठी म्हणून वेगळं काही रांधायची पद्धत नव्हती. पण भाकरी थापताना एखादी जास्तीची थापली जायची, आणि ती कोणाची हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्वारीची भाकर कुस्करायची, त्यावर ताक ओतायचं, ताक नसेल तर वरणाचं पाणी. कधी कण्या उरलेल्या असायच्या. एवढ्यावर कुत्रं रात्रभर शेतात जागल करायचं. रोही आलं, रानडुकरं आली की भुंकायचं, आणि ज्या ज्वारीची राखण करायचं तिचीच भाकर दुसऱ्या दिवशी खायचं. हा व्यवहार मला फार नीटनेटका वाटतो.

आज याच भागात कुत्र्याला काय द्यावं हा प्रश्न निघाला की भाकर हे उत्तर थोडं ओशाळवाणं वाटतं. दुकानातलं पाकीट हे सुशिक्षित उत्तर, भाकर हे खेडवळ. हा भेद फार जुना नाही. दोन्हींचा माग काढत मागं गेलं की वाटेत रोम लागतं, मनुस्मृती लागते, लंडनची गोदी लागते, आणि शेवटी आपण धामणगावच्याच रेल्वेमार्गावर परत येतो.

रोमपासून सुरुवात करू. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हॅरो नावाच्या लेखकाने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात राखणीच्या कुत्र्यांना सातूची भाकर दुधात भिजवून द्यावी असा सल्ला आहे. पुढच्या शतकात कोलुमेलाने सातूचं पीठ आणि दुधाची निवळी सांगितली; दूध नसेल तर भाकरीला शेंगा शिजवलेलं कोमट पाणी. सातूच्या जागी ज्वारी ठेवा, निवळीच्या जागी ताक, शेंगांच्या पाण्याच्या जागी तुरीच्या वरणाचं पाणी. इटलीतला शेतकरी आणि वऱ्हाडातला शेतकरी यांनी एकमेकांना विचारलेलं नव्हतं. घरात जे पिकतं आणि जे परवडतं तेच कुत्र्यापुढं पडतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि कुत्र्याचं शरीरही त्या अन्नाशी जुळत गेलं. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना छापली. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. सगळ्या जातींत सारख्या नाहीत: जिथं शेती नव्हती त्या बर्फाळ मुलखातल्या हस्कीत कमी, शेतकऱ्यांच्या कुत्र्यांत जास्त. म्हणजे ‘कुत्रा मुळात लांडगा, त्याला धान्य कशाला’ हे समाजमाध्यमांवरचं वाक्य अर्धंच खरं आहे. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं बसलेला प्राणी लांडगा राहिलेला नाही.

कुत्र्याच्या वाट्याचा आपल्याकडचा लेखी पुरावा शोधला तर तो शेतीच्या नव्हे, धर्माच्या पुस्तकात सापडतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने जेवणाआधी जमिनीवर ठेवायच्या घासांची यादी आहे: कुत्रे, पतित, श्वपच (अस्पृश्य ठरवलेली माणसं), पापरोगी, कावळे, किडे. पितृपक्षातला कुत्र्याचा घास याच परंपरेतला. यात दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक चांगली: हा वाटा घरच्यांच्या जेवणाआधी काढलेला आहे, तो उष्टा नाही. दुसरी भयंकर: कुत्र्याच्या शेजारी, त्याच जमिनीवर, माणसं बसवलेली आहेत. दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती कोणती, तर कुत्री आणि गाढवं, असंही सांगून टाकलं आहे.

गावगाड्यात ही रांग पुढं शेकडो वर्षं चालली. महारांना वतनाच्या कामापोटी घरोघर भाकर मागून आणावी लागे, मेलेलं जनावर ओढावं लागे आणि त्याचं मांस खावं लागे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टं आणि मृतमांस सोडा असं बजावलं, आणि विदर्भातही ते गावोगाव पाळलं गेलं. कुत्र्याच्या आहाराच्या इतिहासात हा प्रसंग आणणं काहींना विचित्र वाटेल. मला तो टाळता येत नाही, कारण उष्ट्याच्या रांगेतून माणूस उठला तो दिवस हाच. त्या रांगेत मग कुत्रं एकटं उरलं. गावाबाहेरच्या मेलेल्या जनावरावर गिधाडं आणि कुत्री बसायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळं गिधाडं मेली (२००६ साली त्या औषधाच्या पशूंसाठीच्या उत्पादनावर बंदी आली, पण उशिरा), आणि तोही वाटा कुत्र्यांकडं आला.

उष्ट्याच्या या रांगेच्या नेमकी उलट दिशा संतांची. नामदेवांची भाकर कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही कथा कीर्तनातून घरोघर पोचली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा मुक्या प्राण्यांना अभय हे आपल्या दशसूत्रीत सांगत राहिले. नामदेवांची वाटी पाहून आहारतज्ज्ञ म्हणेल, रोज इतकं तूप नको. पण कुत्र्याच्या भाकरीत स्निग्ध काही कमी आहे, हे त्या कथेला बरोबर कळलं होतं.

आता पाकिटाचा माग. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग पूर्ण झाला आणि कापसाच्या गाठी वऱ्हाडातून थेट मुंबईच्या गोदीकडं, तिथून इंग्लंडकडं जाऊ लागल्या. चांदूर आणि पुलगाव यांच्यामधलं धामणगाव बाजारपेठ झालं, दत्तापूरला चिकटून वाढलं. साधारण त्याच सुमारास, १८६०च्या आसपास, तिकडं लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन इमारतींवरच्या वीजनिवारक सळ्यांचा धंदा करायला आला होता. गोदीवर खलाशांची टणक बिस्किटं टाकून दिलेली त्याने पाहिली, आणि भटकी कुत्री ती चावत होती. त्यातून त्याने गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि वाळवलेलं मांस यांची ‘डॉग केक’ काढली. मांस नेमकं कुठून येतं हे तो सांगत नसे. गिऱ्हाईक श्रीमंत, शिकारीची कुत्री बाळगणारं. त्याच्याकडं कामाला लागलेला चार्ल्स क्रफ्ट हा पोरगा पुढं इतका पटाईत विक्रेता झाला की १८९१ साली त्याने स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं. आज जगात सगळ्यात नावाजलेलं प्रदर्शन तेच. ते प्रदर्शन आणि पाकीट ही दोन्ही एकाच दुकानातून निघालेली आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणजे कारखान्यातल्या श्वानखाद्याचा जन्मही उरलेल्यातूनच झाला. पुढचा इतिहास तसाच. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, अमेरिकेत घोडे नकोसे झाले. १९२२ साली इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावच्या चॅपल बंधूंनी घोड्याचं मांस डब्यात भरून ‘केन-एल रेशन’ म्हणून विकलं. दुसऱ्या महायुद्धात कथलाची टंचाई झाली, डबे बंद पडले, कोरडं खाद्य वर आलं. १९५७ साली प्युरिनाने न्याहारीच्या धान्यांचं यंत्र कुत्र्याच्या खाद्याला लावलं: पीठ, मांसाची भुकटी आणि वाफ दाबाखाली साच्यातून बाहेर ढकलायची, बाहेर पडताच ते फुगतं. आपल्याकडं कुरकुरे तसेच बनतात. या यंत्राने एक गोष्ट खरंच साधली. तापमान आणि दाबामुळं पिष्ट शिजतं, आणि कच्च्या सोयाबीनमधलं प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्य निकामी होतं. त्यामुळं गिरणीत उरलेली सोयाबीनची ढेप, पोल्ट्रीतून उरलेले अवयव, तांदळाचा कोंडा हे सगळं एका दाण्यात बसवता आलं.

धामणगावच्या फलाटावर यातलं काही आलं नव्हतं, पण बिस्कीट आलं. पार्लेचा ग्लुको पुडा स्वातंत्र्याआधीचा, आणि फलाटावरच्या कुत्र्यांचं तेच मुख्य अन्न झालं, कारण गाडी सुटायच्या आत चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट टाकणं सगळ्यांना जमतं. मैदा, साखर, पामतेल. पोट भरतं, दुसरं काही नाही. स्प्रॅटची बिस्किटं त्या मानाने कितीतरी बरी होती.

मग शेत बदललं. १९८०च्या दशकाअखेरपासून विदर्भात सोयाबीन पसरलं आणि खरीप ज्वारी मागं हटली. रानडुकरं आणि पाखरं, सोंगणीला मजूर मिळेना, रेशनला गहू-तांदूळ स्वस्त मिळायला लागले, बैल कमी झाले तसा कडब्याला भाव उरला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या घरांत पोळी रोजची झाली आणि भाकर पिठल्यापुरती किंवा मधुमेहींपुरती राहिली. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष पाळलं तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारीला नवा मान आला, पण धामणगाव तालुक्यातलं शेत तोवर हिरव्या शेंगांचं झालं होतं. सोयाबीन थेट कुत्र्यापुढं टाकता येत नाही. ते आधी तेलगिरणीत जातं, तेल निघतं, ढेप उरते, ती पशुखाद्याला जाते.

इथं रेल्वेमार्ग पुन्हा येतो. धामणगावहून हावडा दिशेने निघालं की वर्धा, नागपूर, गोंदिया आणि मग छत्तीसगडमधलं राजनांदगाव. तिथला आयबी ग्रुप मूळचा कोंबड्यांच्या धंद्यातला. कोंबडी आहे, पशुखाद्य आहे, आणि त्याच समूहातून २०१०च्या सुमारास ‘ड्रूल्स’ हा श्वानखाद्याचा ब्रँड निघाला. २०२५ साली नेस्लेने त्यात अल्प भागभांडवल घेतलं, आणि नेस्लेच्याच घरात आता जुनं प्युरिनाही आहे. धामणगावच्या किराणा दुकानात टांगलेलं पाकीट कोणत्या का कंपनीचं असेना, स्वस्त पाकिटाच्या मागची घटकयादी वाचली तर धान्य आणि धान्याचे उपपदार्थ पहिल्या ओळीत सापडतात, पुढं सोयाबीनची पेंड, कोंबडीची भुकटी. ज्या शेतातून भाकर गेली त्या शेताचं पीक पाकिटातून परत आलंय. फक्त आता त्याचे पैसे मोजावे लागतात.

याच काळात पश्चिमेत उलटी लाट आली. धान्यविरहित खाद्य, वाटाणा-मसूर-बटाटा घातलेलं, ‘लांडग्याचं अन्न’ म्हणून महाग विकलं गेलं. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण धान्य काढून टाकलं म्हणजे अन्न सुधारलं, हे कोणी सिद्धही केलेलं नाही.

तर भाकर चुकली कुठं? हिशेब करून पाहू. दहा किलोचं गावठी कुत्रं, तरणंताठं, थोडंफार फिरणारं, त्याला दिवसाला सुमारे सहाशे ते साडेसहाशे कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकर साडेतीनशेच्या जवळ जाते. म्हणजे दोन भाकरींत ऊर्जा पुरी, आणि वर प्रथिनं वीसेक ग्रॅम, जी आकड्याने पुरेशी दिसतात. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी. ती उणीव वरण, ताक किंवा अंडं भरून काढतं. जुन्या ताटात ताक आणि वरणाचं पाणी उगाच नव्हतं. खरी तूट कॅल्शियमची आहे. त्या कुत्र्याला रोज सुमारे सातशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि दोन भाकरींतून जेमतेम पन्नास मिळतं. उलट फॉस्फरस भरपूर. नुसतं मांस-भात खाणाऱ्या पिल्लाचीही तीच गत होते, कारण बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच. मग पाय वाकतात, हाडं मऊ पडतात, आणि मालक म्हणतो, चिकन तर रोज देतो.

गावातलं मोकळं कुत्रं ही तूट बाहेर भरून काढायचं: हाडं, उंदीर, मेलेलं जनावर, कोणाच्या घरचं अंड्याचं टरफल. साखळीला बांधलेल्या लॅब्रॅडॉरला हे बाहेरचं ताट नाही. म्हणून तीच भाकर त्याला अपुरी पडते. भाकर तीच आहे, कुत्र्याचं जगणं बदललंय.

उष्टंही बदललंय. पूर्वी उरायची ती कोरडी भाकर किंवा मिळमिळीत वरण. आता उरतो तो कांदा-लसणाचा तेलकट रस्सा. कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो, लसूणही तेच करतो. फार तेलाने स्वादुपिंडाला सूज येते. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. शिऱ्यातला एखादा बेदाणाही मूत्रपिंडाला महागात पडू शकतो. घरचं द्यायचंच असेल तर वरणाला फोडणी पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायला हवा. मनुस्मृतीतल्या त्या घासात फेकून द्यायचं पुष्कळ आहे, पण वाटा आधी काढायचा हा क्रम ठेवण्यासारखा आहे.

पाकिटाची बाजूही सांगायला हवी. पूर्ण आहार म्हणून विकलेल्या चांगल्या खाद्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण सांभाळलेलं असतं, आणि वाढत्या पिल्लासाठी, विशेषतः मोठ्या जातीच्या, मला तेच जास्त भरवशाचं वाटतं. प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात प्रथिनं किमान अठरा टक्के, पिल्लाच्या साडेबावीस टक्के, हा अमेरिकेतला नियम आपल्याकडचं पाकीट तपासायलाही चालतो. पाकिटावर धावणाऱ्या लॅब्रॅडॉरचा फोटो आहे की नाही, याला अर्थ नाही.

धामणगावात माळकऱ्यांची, महानुभावांची, मारवाडी-जैनांची घरं पुष्कळ. तिथं कुत्रंही शाकाहारी. मांजराला हे चालत नाही. कुत्र्याला चालू शकतं, मात्र दही-ताक आणि डाळ नेमाने हवी, ब-१२ वर लक्ष हवं. जिथं अंडं चालतं तिथं टरफल उकळून, वाळवून, पिठासारखं बारीक कुटलं तर दहा किलोच्या कुत्र्याला रोज पाव चमच्याहून थोडं जास्त पुरतं. जिथं अंडं घरात येत नाही तिथं कॅल्शियमची भुकटी, कुत्र्याचं वजन करून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींची गर्दी असते, पण वजनकाटा आणि मात्रा विचारायला तिथं जाता येतं; अवघड दुखणं असेल तर अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था किंवा नागपूरचं महाविद्यालय आहे. पिल्लाला मात्र अंदाजाने भुकटी घालू नये. त्याच्यात कॅल्शियम कमी पडलं तरी सांधे बिघडतात, आणि जास्त झालं तरी.