ध्वनिक्षेपकाची मक्तेदारी आणि समालोचकाचे स्वातंत्र्य : बॉबी तल्यारखान यांचा नभोवाणी-त्याग

बाळापूरच्या परिसरात १७२० साली झालेल्या लढाईत निजाम-उल्-मुल्काने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अलीखान याचा पराभव केला आणि चार वर्षांनी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याच्या रणात मुबारिजखानाला मारून तो दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र अधिपती झाला. दिल्लीच्या सत्तेपासून तो दूर झाला खरा. पण बादशहाचे नाव त्याने नाण्यांवरून काढले नाही. वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकास ह्या प्रसंगातून एक प्रश्न सहज सुचतो. मोठ्या सत्तेची चाकरी सोडून जो बाहेर पडतो, त्याचे स्वातंत्र्य कशावर उभे राहते? निजामाजवळ फौज होती, मुलूख होता, महसूल होता. ज्याच्याजवळ ह्यांपैकी काहीच नाही, केवळ स्वतःचा आवाज आहे, त्याने मोठी संस्था सोडली तर काय घडते? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका अगदी निराळ्या क्षेत्रातील उदाहरणावरून करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे क्रिकेटचे समालोचक अर्देशीर फर्दोरजी सोराबजी, ऊर्फ बॉबी, तल्यारखान (१८९७–१९९०) यांनी १९४८ च्या सुमारास केलेला नभोवाणीचा त्याग.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ह्या खाजगी कंपनीने सुरू केले. १९३० मध्ये ती कंपनी बुडाली व प्रक्षेपण सरकारने आपल्या हाती घेतले. १९३६ मध्ये ह्या सरकारी सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. १८८५ च्या तारायंत्रविषयक कायद्यान्वये अशा दळणवळणाचा अधिकार सरकारकडेच होता. त्यामुळे सरकारी नभोवाणीशेजारी दुसरी नभोवाणी उभी राहण्यास जागा नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात नभोवाणीची केंद्रे अवघी सहा होती. नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. वऱ्हाडातील श्रोत्याला तोवर मुंबईसारख्या दूरच्या केंद्राकडेच कान लावावा लागे.

ह्या नव्या माध्यमावर खेळाचे धावते वर्णन ही कला रुजविणाऱ्यांत तल्यारखान अग्रगण्य होत. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पारशी व मुसलमान ह्या संघांच्या सामन्याचे वर्णन करून त्यांनी ह्या कामास आरंभ केला. त्यांची पद्धत विलक्षण होती. दिवसभराचा खेळ ते एकट्याने सांगत. जेवणाची व चहाची सुट्टी वगळता ध्वनिक्षेपकापुढून उठत नसत. आवाज घनगंभीर, शब्दसंपत्ती विपुल आणि मते परखड. पंचरंगी सामन्यांना मुंबईत अलोट गर्दी लोटे, त्या काळात मैदानापासून शेकडो मैलांवर असलेल्या माणसाला मैदान ‘दिसे’ ते एका माणसाच्या वाणीतून. श्रोत्यांच्या मनात खेळ, नभोवाणी आणि तल्यारखान ही तिन्ही नावे एकरूप झाली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. स्वतंत्र भारताच्या भूमीवर झालेली ही पहिली कसोटी मालिका होय. ह्या मालिकेसाठी तिघा समालोचकांनी पाळीपाळीने वर्णन करावे, असे नभोवाणीने ठरविले. तल्यारखान यांना ही अट मान्य झाली नाही. ध्वनिक्षेपक दुसऱ्याबरोबर वाटून घेण्यापेक्षा तो सोडणे त्यांनी पसंत केले. त्याच मालिकेच्या अखेरच्या कसोटीत, फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर, ३६१ धावांच्या लक्ष्यामागे धावणारा भारतीय संघ ८ बाद ३५५ पर्यंत पोहोचला आणि सहा धावांनी विजय हुकला. विजय हजारे यांच्या १२२ धावांनी गाजलेला हा दिवस भारतीय क्रिकेटच्या स्मृतीत कायमचा राहिला. एकट्या आवाजाचे युग मात्र त्यापूर्वीच संपले होते.

हा वाद केवळ एका मानी पुरुषाच्या अहंकाराचा होता काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण पुरेसे नाही. तल्यारखान यांच्या दृष्टीने समालोचन ही एकसंध कलाकृती होती. गायकाची मैफल मध्येच तोडून दुसऱ्याच्या हाती तंबोरा द्यावा, तसा हा प्रकार त्यांना वाटला असल्यास नवल नाही. उलट पक्षी, नभोवाणीची बाजूही दुबळी नव्हती. ती सार्वजनिक संस्था होती. श्रोते परवान्याचे शुल्क भरत होते. सार्वजनिक साधनावर एकाच व्यक्तीचा अखंड अधिकार असावा काय, हा प्रश्न विचारणे तिचे कर्तव्यच होते. पाच दिवसांच्या सामन्यात एकाचा घसा बसला तर काय, ही व्यावहारिक अडचणही होतीच. ध्वनिक्षेपक कोणा एकाचा नव्हे, हे तत्त्व एकदा रूढ झाल्यावर वेगवेगळ्या आवाजांप्रमाणे वेगवेगळ्या भाषांनाही वाट मिळणे सुकर झाले, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित यांनी पुढे मराठी समालोचन घरोघर पोहोचविले. ज्यांना इंग्रजीतील वर्णनाचा सूर कळे पण शब्द निसटत, त्या गावोगावच्या श्रोत्यांना खेळ प्रथमच आपल्या बोलीतून ऐकू आला. तल्यारखान यांच्या वाणीविषयी कितीही आदर असला तरी ही जमेची बाजू विसरता येत नाही.

परंतु खरा मुद्दा पुढेच आहे. आज संस्था सोडणारा समालोचक दुसऱ्या संस्थेत जाऊ शकतो. १९४८ मध्ये दुसरी संस्थाच नव्हती. नभोवाणी सोडणे म्हणजे वाणीच गमावणे होते. श्रोत्यांचा विश्वास तल्यारखान यांनी स्वतः मिळविलेला होता. तो त्यांच्याबरोबर बाहेर आला. तो विश्वास ज्या मार्गाने वाहत होता तो मार्ग मात्र सरकारचा होता आणि मागेच राहिला. म्हणून त्यांनी लेखणीचा आश्रय केला. वृत्तपत्रांना मक्तेदारी नव्हती. तेथे स्वतंत्र मताच्या माणसाला स्थान होते. ‘ब्लिट्झ’ आणि नंतर ‘मिड-डे’ ह्या पत्रांतील स्तंभांतून त्यांनी दीर्घकाळ खेळाडू, निवडसमित्या व क्रीडासंघटना यांचा निर्भीड समाचार घेतला. ध्वनिक्षेपकापुढे ते पुढे प्रसंगोपात्त परतले. परंतु पूर्वीचे एकछत्री स्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. वक्ता स्वतंत्र झाला आणि लेखक बनला.

ही कोंडी फुटण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले, आणि तीही क्रिकेटच्याच निमित्ताने फुटली, हा योगायोग लक्षणीय आहे. १९९३ च्या ‘हिरो चषक’ स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात तंटा उत्पन्न झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारचा एकाधिकार असू शकत नाही. त्यानंतर खाजगी वाहिन्यांचा विस्तार झाला आणि पुढे आंतरजालामुळे एका माणसालाही आपले प्रक्षेपण-केंद्र स्वतःच्या खोलीत उभारणे शक्य झाले. मोठी वाहिनी सोडून स्वतंत्रपणे बोलू लागणाऱ्या क्रीडा-समालोचकांचे आज कोणास आश्चर्य वाटत नाही. तल्यारखान यांना जे साधन नव्हते ते त्यांना आहे.

तथापि ह्या स्वातंत्र्याचीही सीमा ओळखली पाहिजे. सामन्याच्या प्रक्षेपणाचे हक्क नियामक मंडळे लिलावाने विकतात. स्वतंत्र समालोचक खेळावर भाष्य करू शकतो, खेळ दाखवू शकत नाही. ज्या आंतरजालीय मंचावरून तो बोलतो, तो मंचही कोणाच्या तरी मालकीचा असतो. बाळापूरच्या विजेत्याने स्वतंत्र होऊनही नाण्यांवर बादशहाचे नाव ठेवले होते. तसेच काहीसे हे आहे. सत्ता सोडता येते, सत्तेचे चलन सहसा सोडता येत नाही.

एवढ्यावरून निष्कर्ष असा की, १९४८ चा तल्यारखान यांचा निर्णय व्यक्तीच्या मानापमानाचा प्रसंग म्हणून पाहण्याऐवजी भारतीय प्रक्षेपणाच्या इतिहासातील एक प्रारंभीची कसोटी म्हणून पाहिला पाहिजे. संस्थेचा निर्णय सार्वजनिक हिताच्या दृष्टीने समर्थनीय होता; परंतु तो न मानणाऱ्याला बोलण्यास दुसरी जागा नसावी, ही स्थिती समर्थनीय नव्हती. दोष तिघांच्या पाळीत नव्हता. दोष एकाच ध्वनिक्षेपकात होता.