हैदराबादचे रहमान आणि अणूंचा हिशेब

पाणी शून्य अंशावर गोठते हे आपण शाळेतच शिकतो. परंतु ज्याला जड पाणी म्हणतात, ते ३.८ अंशांवरच गोठते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या दोन पाण्यांत भेद इतकाच की, जड पाण्यातील हायड्रोजनचा अणुगर्भ नेहमीच्या दुप्पट वजनाचा असतो. रेणूंची एकमेकांवरील ओढ मात्र दोहोंत जवळजवळ सारखीच. न्यूटनच्या नियमांनी हिशेब मांडला तर गोठणबिंदू अणूच्या वजनावर अवलंबून असूच नये, असे उत्तर येते. मग हे सुमारे पावणेचार अंश आले कोठून?

अशा प्रश्नांचा छडा लावणारी एक विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली. तिचा इतिहास सांगू लागले की हैदराबादचे नाव घ्यावेच लागते.

अनीसुर रहमान यांचा जन्म १९२७ साली हैदराबादेत झाला. केंब्रिज आणि बेल्जममधील लूव्हाँ येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले. पुढे १९६० साली ते अमेरिकेत शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यापूर्वी, १९५३ साली, लॉस अलामॉस येथे मेट्रोपोलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जणू फासे टाकून, अणूंच्या संभाव्य रचनांचे नमुने गोळा करण्याची रीत शोधली होती. १९५७ मध्ये आल्डर व वेनराइट यांनी संगणकावर कठीण गोळ्यांच्या टकरी घडवून पाहिल्या होत्या. परंतु खऱ्याखुऱ्या द्रवाची हालचाल अद्यापि कोणी गणिताने रेखाटली नव्हती.

ते काम रहमान यांनी केले. १९६४ साली त्यांनी द्रवरूप आरगॉन वायूचे ८६४ अणू संगणकातील एका काल्पनिक पेटीत कोंडले. कोणत्याही दोन अणूंमधील ओढ वा रेटा एका ठराविक सूत्राने काढावयाचा, त्यावरून प्रत्येक अणू सेकंदाच्या शंभर-लक्ष-कोटीव्या भागात कोठे सरकेल ते ठरवावयाचे, आणि पुन्हा तोच हिशेब आरंभापासून मांडावयाचा. पेटीच्या एका भिंतीतून बाहेर पडलेला अणू समोरच्या भिंतीतून आत येई. असे शेकडो वेळा केल्यावर जे चित्र उमटले, ते प्रयोगात आढळणाऱ्या आरगॉनशी जुळले. १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्या साहाय्याने त्यांनी २१६ रेणूंचे पाणीही असेच वाहते केले.

येथे दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली सूत्राची. आरगॉनसारख्या अलिप्त वायूला साधे सूत्र पुरते. परंतु जेथे बंध जुळतात आणि तुटतात, तेथे इलेक्ट्रॉनांचा खरा हिशेब पुंजयामिकीनेच करावा लागतो. रहमान यांचे इटालियन सहकारी मिकेले पारिनेल्लो यांनी रोबेर्तो कार यांच्यासह १९८५ साली त्याची रीत दिली. पण तिला लागणारी मेहनत इतकी की काही शेकडा अणूंपलीकडे जाणे दुरापास्त होई.

दुसरी अडचण अणुगर्भाची. हायड्रोजनचा अणुगर्भ इतका हलका असतो की तो एका बिंदूत स्वस्थ राहत नाही, थोडासा पसरतो. फाइनमन यांनी १९४८ साली मांडलेल्या मार्गसमाकलनाच्या विचारातून यावर एक सुंदर तोड निघाली. एका अणुगर्भाच्या जागी मण्यांची एक बंद माळ कल्पावी, शेजारचे मणी स्प्रिंगांनी जोडावेत, आणि प्रत्येक मणी न्यूटनच्या नियमांनी चालवावा. अणुगर्भ हलका असला तर माळ सैल, जड असला तर आखूड. १९८४ साली रहमान व पारिनेल्लो यांनी याच रीतीने वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमधील एका इलेक्ट्रॉनचा अभ्यास केला. पण सामान्य तापमानाच्या पाण्यासाठी साधारण ३२ मणी घ्यावे लागतात. म्हणजे आधीच डोईजड असलेला हिशेब बत्तीसपट!

ही कोंडी फुटली ती यंत्राला शिकवण्याच्या विद्येने. २००७ साली बेलर व पारिनेल्लो यांनी असे सुचवले की, पुंजयामिकीचा महागडा हिशेब मोजक्या रचनांपुरताच करावा आणि ती सोडवलेली उदाहरणे मेंदूतील चेतापेशींच्या धर्तीवर रचलेल्या गणिती जाळ्याला शिकवावीत. प्रत्येक अणूची ऊर्जा त्याच्या निकटच्या शेजारावरून ठरते, हे त्यातले मर्म. शिकलेले जाळे मग नव्या रचनेचे उत्तर क्षणार्धात देते. २०२० साली याच वाटेने दहा कोटी अणूंचा हिशेब झाला. कोठे ८६४, आणि कोठे दहा कोटी!

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अणुगर्भाच्या पसरण्याचे पाण्यात दोन परिणाम होतात: एकाने रेणूंमधील बंध बळावतो, दुसऱ्याने सैल पडतो, आणि सैल करणारा किंचित वरचढ ठरतो. जड पाण्यात पसरणेच कमी, म्हणून त्याचे बर्फ अधिक टिकाऊ. २०१९ साली बिंगचिंग चेंग व सहकाऱ्यांनी शिकलेले जाळे आणि मण्यांची माळ यांची सांगड घालून असेही दाखवले की, नेहमीचे षट्कोनी बर्फ घनाकृती बर्फाहून अधिक स्थिर ठरते, त्यात या पसरण्याचा अल्पसा पण निर्णायक वाटा आहे.

तथापि एका शिक्षकाच्या नात्याने सावधगिरीचा एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. वहीतील उदाहरणे घोकलेला विद्यार्थी तशाच उदाहरणांत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. अनोळखी गणित पुढे आले की तोच विद्यार्थी बेधडक चुकीचे उत्तर लिहितो. या जाळ्याचेही तसेच आहे. जी रचना त्याला कधी दाखवलीच नाही, तिच्याविषयीही ते उत्तर देतेच. म्हणून त्याला काय शिकवले आणि काय शिकवावयाचे राहिले, याची पारख माणसालाच करावी लागते.

रहमान १९८७ साली निवर्तले. संगणकीय भौतिकशास्त्रातील त्यांच्या नावाचा पुरस्कार अमेरिकेतील भौतिकशास्त्र संस्था देते. हैदराबादच्या शाळांतून जड पाण्याचा धडा शिकवताना या गावच्या सुपुत्राचे नावही मुलांच्या कानी पडावे, एवढीच माझी इच्छा आहे.