ते तेल मरणाचं नव्हे



वसईहून इथे न्यू जर्सीत आलेल्या आईचं मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी फादर तेलाची कुपी घेऊन आले, तशी ती घाबरली. "इतकं वाईट आहे का रे?"

भीती उगाच नव्हती. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. मरणाची अट नाही. पण मध्ययुगात हा संस्कार मृत्युशय्येपाशी सरकला आणि 'शेवटचा अभ्यंग' झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवलं. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीही बदलला. आता गंभीर आजारात, ऑपरेशनआधीसुद्धा तो घेता येतो. आजार बळावला तर पुन्हाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तो आणि पापनिवेदन, हे दोन 'बरे करणारे संस्कार' म्हणून एकत्र येतात.

पापनिवेदनाची अडचण निराळी. आईला इंग्रजी येत नाही, फादरना मराठी. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात दुभाष्याची सोय आहे, आणि गुप्ततेचं बंधन त्याच्यावरही आहे. पण खोलीत दुभाषा म्हणजे मीच! पोटच्या पोरासमोर आई काय बोलणार?

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बस. सांगते."

तेल नंतर लावलं. आई आता ठणठणीत आहे. ती काय बोलली ते मात्र विचारू नका. ते बंधन मलाही आहे.

चू. भू. द्या. घ्या.