फिश टँकमधला समुद्र आणि बायकांचे हात



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या आपल्या घरांत गप्पी किंवा गोल्डफिशचा टँक काही नवा नाही. पण समुद्राचे मासे घरात ठेवायची हौस आली कुठून आणि ती कुणाच्या कष्टांवर उभी राहिली, हे आज आम्हाला सांगायचं आहे.

सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात झान विलप्रू-पॉवर नावाच्या फ्रेंच बाई राहत. एके काळी त्या शिवणकाम करायच्या. 1832 साली त्यांनी समुद्री जीव जिवंतपणी पाहता यावेत म्हणून काचेच्या पेट्या बनवल्या. ऑक्टोपसचा भाऊबंद असलेला आर्गोनॉट आपलं कवच स्वतःच घडवतो, दुसऱ्याचं बळकावत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं.

1846 मध्ये अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेलं. तिथे रोज ताजं समुद्राचं पाणी कुठून आणणार? मग त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. हवा मिसळली की पाणी जिवंत राही. आज पंप करतो ते काम तिच्या हातांनी केलं. नाव मात्र मालकिणीचं झालं.

मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. उपनगरांतली मुलं लोकलनं चर्नी रोडला उतरून तिथे जात आणि गोड्या पाण्याचे नि समुद्राचे मासे एकाच इमारतीत पाहत. मत्स्यालयाच्या दाराशीच समुद्र होता. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो कुठून आणायचा?

गोड्या पाण्याच्या टँकला नळाचं पाणी चालतं. त्यातलं क्लोरिन घालवायचं आणि थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. खाऱ्या पाण्याचं गणित वेगळं. एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे 100 लिटरच्या टँकला साडेतीन किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्री टँकसाठीचं खास मीठ विकत घ्यावं लागतं. वर्सोव्याहून पाणी भरून आणावं, तर त्यात गाळ आणि सांडपाणी. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, पण मीठ मागे उरतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. खारटपणा मोजणं, फिल्टर धुणं, वीज गेली तर धावपळ, हे सगळं आलंच.

आणि एक. समुद्रघोडे आणि खडकाळ प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार काहीही म्हणो, ते घरी आणू नका.

हौस करायला आमची ना नाही. पण टँक घरी येतो मुलांच्या हट्टानं किंवा नवऱ्याच्या आवडीनं, आणि महिन्याभरात बादली येते आपल्या हातात. म्हणून दुकानात जाण्याआधीच घरात बसून ठरवा: मीठ कोण मोजणार आणि पाणी कोण बदलणार? उत्तर ‘आईच’ असेल, तर आईलाही विचारा.