जात्यावरची ओवी : पर्यावरणस्त्रीवादी वाचन

मावळ, मुळशी, खेड आणि आजचा पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा या परिसरातील स्त्रियांच्या दळणगीतांकडे श्रम, पाणी व जमीन यांच्या अंगाने पाहण्याची रीत.

या वाचनामागे दोन विचारधारा आहेत. ‘पर्यावरणस्त्रीवाद’ ही संज्ञा फ्रेंच लेखिका फ्रांस्वाज दोबोन यांनी १९७४ मध्ये रूढ केली. निसर्गाची लूट आणि स्त्रीवरील सत्ता यांचे मूळ एकच, ही या विचाराची मांडणी. सांस्कृतिक परिस्थितिकी, म्हणजे संस्कृती आणि परिसर यांच्या परस्परसंबंधाचा विचार, ज्युलियन स्टुअर्ड यांच्या मानवशास्त्रातून आली. पुढे जर्मन समीक्षक हुबेर्ट झाप्फ यांनी ती साहित्याला लावली.

ओवीला ही दुसरी दृष्टी अधिक मानवते, कारण ओवी कामाच्या रीतीतूनच घडते. पहाटे दोघी जात्याशी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत. एक हात धान्याची वैरण घाली, ओवीची चाल दगडाच्या फेऱ्यावर बेतलेली असे. सासरच्या घरात मनातले उघड म्हणता येई ती हीच वेळ. विजेची गिरणी आली तेव्हा बाईचे कष्ट वाचले आणि गाण्याची जागा गेली. पहिल्या गोष्टीचा विसर पडलेली हळहळ या विषयावरील लेखनात फार आढळते.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर ओव्या जमल्या. मुळशी-मावळातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायका या कामात होत्या, त्यामुळे तो केवळ बाहेरून आलेल्या संशोधकांचा संग्रह राहिला नाही. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ हा संग्रह ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करत आहे.

देहू-आळंदी आणि इंद्रायणी या ओव्यांत वारंवार येतात. नदी तिथे तीर्थ असते आणि माहेरच्या वाटेवरची खूणही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. त्याच इंद्रायणीवर आळंदीजवळ अलीकडे रासायनिक फेस तरंगताना दिसतो. मात्र जुन्या ओवीला प्रदूषणाची भविष्यवाणी ठरवणे म्हणजे गाणारणीच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

बाई म्हणजे निसर्ग, हे समीकरणही इथे टिकत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला : स्त्रीचे निसर्गाशी नाते कामाची वाटणी आणि मालकी यांतून घडते. भावाची भरली शेती आणि बहिणीच्या वाट्याची चोळी हा ओवीतला नेहमीचा विषय त्या अंगाने वाचावा लागतो. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांतील मुलींना (आधीच लग्न झालेल्या वगळून) वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा हिंदू वारसा कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. औद्योगिक पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर भावाच्या मायेची ओवी आणि हक्कसोडपत्रावरची बहिणीची सही शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून फारसे झालेले नाही.