प्रो कबड्डी लीगमधील गुणपद्धती आणि खेळाडूंची आकडेवारी

प्रो कबड्डी लीग ही भारतातील व्यावसायिक कबड्डी स्पर्धा असून तिचा पहिला हंगाम २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाला. आरंभी तीत आठ संघ होते. २०१७ मधील पाचव्या हंगामापासून ही संख्या बारा झाली. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्रातील दोन संघ पहिल्या हंगामापासून स्पर्धेत आहेत. प्रत्येक सामन्याबरोबर चढाई, पकड, बोनस आणि लोण यांची नोंद असलेला सविस्तर गुणतक्ता प्रसिद्ध होतो. सामना कोणी जिंकला एवढेच अंतिम गुणसंख्येवरून कळते. तो कसा जिंकला हे समजण्यासाठी गुणतक्त्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ माहीत असावा लागतो.

## सामन्याचे स्वरूप

सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. मैदानावर प्रत्येक संघाचे सात खेळाडू असतात. चढाईपटूला एका चढाईसाठी ३० सेकंद मिळतात. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो आणि आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाद केल्यावर, बाद झालेल्यांच्या क्रमाने, पुन्हा मैदानात येतो. त्यामुळे कबड्डीतील बहुतेक गुणांचा परिणाम दुहेरी असतो. गुणफलकावरील आकडा वाढतोच, शिवाय दोन्ही संघांचे मैदानावरील संख्याबळही बदलते.

## गुणांचे प्रकार

* स्पर्शगुण : चढाईपटूने बाद केलेल्या प्रत्येक बचावपटूमागे १ गुण.
* बोनस गुण : मैदानावर सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवल्यास १ गुण. या गुणामुळे बाद झालेला सहकारी परत येत नाही.
* पकडीचा गुण : चढाईपटूला रोखल्याबद्दल बचाव करणाऱ्या संघाला १ गुण.
* अव्वल पकड : मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेली यशस्वी पकड. तिला २ गुण मिळतात.
* लोण : प्रतिस्पर्ध्याचे सर्व खेळाडू बाद केल्यास नेहमीच्या गुणांखेरीज आणखी २ गुण. लोणानंतर बाद झालेला संपूर्ण संघ पुन्हा मैदानात येतो.
* अतिरिक्त गुण : नियमभंगासाठी प्रतिस्पर्धी संघाला मिळणारे तांत्रिक गुण.

सलग दोन चढायांत कोणताही गुण झाला नाही, तर त्या संघाची तिसरी चढाई निर्णायक ठरते. तीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. इंग्रजी समालोचनात तिला ‘डू ऑर डाय’ म्हणतात.

## संघाचा गुणतक्ता

संघाची एकूण गुणसंख्या म्हणजे चढाईचे, पकडीचे, लोणाचे आणि अतिरिक्त गुण यांची बेरीज. पुढील उदाहरण काल्पनिक आहे. ‘अ’ संघाने चढाईत १८, पकडीत १०, लोणाचे ४ आणि अतिरिक्त २ असे ३४ गुण मिळवले. ‘ब’ संघाने चढाईत २२, पकडीत ७ आणि लोणाचे २ असे ३१ गुण मिळवले. ‘ब’ संघाचे चढाईपटू चार गुणांनी सरस ठरले, तरी सामना ‘अ’ संघाने जिंकला, कारण त्याने दोन लोण दिले आणि पकडीत तीन गुण अधिक मिळवले. केवळ चढाईचे गुण पाहणाऱ्या वाचकाला या सामन्याचा निकाल उलटा वाटेल.

गुणसंख्येचा आकार सामन्याचे स्वरूपही सुचवतो. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. ही बचावाचे वर्चस्व असलेल्या सामन्याची गुणसंख्या आहे. पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण पंकज मोहिते यांनी मिळवले. म्हणजे एकाही चढाईपटूला दहाचा आकडा गाठता आला नसताना संघ विजेता ठरला. याउलट २०१७ मध्ये पटना पायरेट्सने हरियाणा स्टीलर्सला ६९–३० असे हरवले. एवढी मोठी गुणसंख्या वारंवार लोण बसल्याशिवाय होत नाही.

## चढाईपटूची आकडेवारी

चढाईचे गुण म्हणजे स्पर्शगुण आणि बोनस गुण यांची बेरीज. एका चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळाल्यास ती ‘सुपर रेड’, तर एका सामन्यात चढाईचे दहा किंवा अधिक गुण झाल्यास ‘सुपर टेन’ नोंदवले जाते.

एकूण गुणांपेक्षा प्रमाण दाखवणारे आकडे अधिक बोलके असतात. समजा, एका चढाईपटूने २० चढाया केल्या. त्यांपैकी ९ यशस्वी, ७ निष्फळ आणि ४ अयशस्वी ठरल्या व एकूण ११ गुण मिळाले. त्याचे यशाचे प्रमाण ४५ टक्के, बाद न होण्याचे प्रमाण ८० टक्के आणि प्रत्येक चढाईमागील सरासरी ०.५५ गुण येते. दुसऱ्या खेळाडूने तेवढेच ११ गुण मिळवताना ९ वेळा आपली पकड होऊ दिली असेल, तर प्रतिस्पर्ध्याला त्याने किमान ९ गुण दिले आणि तेवढ्या वेळा तो स्वतः बाहेर बसला. ‘सुपर टेन’च्या यादीत मात्र दोघांची नोंद सारखीच होते.

हंगामाचे एकूण गुण वाचताना सामन्यांची संख्या पाहणे आवश्यक असते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचे सिद्धार्थ देसाई यांनी सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पदार्पण करताना २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. ही सरासरी सामन्यामागे सुमारे १०.४ गुणांची आहे. पटना पायरेट्सच्या परदीप नरवाल यांनी पाचव्या हंगामात २६ सामन्यांत ३६९ गुण केले होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे १४.२ गुण.

एका सामन्यातील विक्रमांचा क्रमही उल्लेखनीय आहे. पाचव्या हंगामात मुंबईचे रिशांक देवाडिगा यांनी यूपी योद्धाकडून जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध चढाईचे २८ गुण मिळवले. त्याच हंगामात, वर उल्लेखलेल्या ६९–३० च्या सामन्यात नरवाल यांनी ३४ गुण केले. त्यांपैकी ८ गुण एकाच चढाईतले होते. २०१९ मध्ये बेंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावत यांनी हरियाणा स्टीलर्सविरुद्ध ५९ पैकी ३९ गुण एकट्याने मिळवले.

## बचावपटूची आकडेवारी

एका सामन्यात पकडीचे पाच किंवा अधिक गुण मिळाल्यास ‘हाय फाइव्ह’ नोंदवले जाते. आठ प्रयत्नांत चार यशस्वी पकडी करणाऱ्याचे यशाचे प्रमाण ५० टक्के होते. त्या चारपैकी एक अव्वल पकड असेल तर त्याचे गुण ५ होऊन ‘हाय फाइव्ह’ पूर्ण होते. सहाव्या हंगामात यूपी योद्धाचे नितेश कुमार यांनी पकडीचे १०० गुण मिळवले. एका हंगामात ही मजल गाठणारे ते पहिले बचावपटू होत. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे इराणी खेळाडू मोहम्मदरेझा शादलुई यांनी ९९ गुण मिळवले.

## गुणतालिका

अकराव्या हंगामापर्यंत विजयास ५, बरोबरीस ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवास १ गुण मिळत असे. दहाव्या हंगामाच्या साखळी फेरीत पुणेरी पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि २ गमावले. विजयांचे ८५ आणि बरोबरीचे ९ मिळून ९४ गुण होतात. गुणतालिकेत मात्र संघाचे ९६ गुण होते. उरलेले दोन गुण दोन्ही पराभव थोडक्यात झाल्याचे दर्शवतात. पराभव निश्चित दिसत असतानाही संघ अखेरच्या मिनिटांत फरक कमी करण्यासाठी का झगडत, याचे कारण या नियमात होते. २०२५ मधील बाराव्या हंगामात ही पद्धत बदलून विजयास २ गुण आणि पराभवास शून्य अशी करण्यात आली.

## बास्केटबॉलशी तुलना

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये साध्या बास्केटला २, दूरच्या रेषेबाहेरील बास्केटला ३ आणि फ्री थ्रोला १ गुण मिळतो. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन यांनी एनबीएच्या सामन्यात १०० गुण केले. त्यांत ३६ बास्केटचे ७२ आणि २८ फ्री थ्रोचे २८ गुण होते. तीन गुणांची रेषा त्या काळी एनबीएमध्ये नव्हती. बास्केटबॉलमध्ये रिबाउंड आणि असिस्ट यांची, म्हणजे स्वतः गुण न करता केलेल्या कामाचीही नोंद होते. दोन प्रकारांत दहाचा आकडा गाठल्यास त्यास ‘डबल-डबल’ म्हणतात. कबड्डीत गुणांबरोबर खेळाडूंची संख्याही बदलत असल्याने, गुण कोणत्या क्षणी मिळाला याला अधिक महत्त्व येते.

## आकडेवारीच्या मर्यादा

पकडीचा गुण साधारणतः मुख्य पकड करणाऱ्याच्या नावे लागतो. चढाईपटूचा परतीचा मार्ग अडवणाऱ्या साखळीतील सहकाऱ्याचे काम त्यात दिसत नाही. संघाला विश्रांती मिळावी म्हणून वेळ काढणाऱ्या चढाईपटूची चढाई ‘निष्फळ’ म्हणून नोंदली जाते. आघाडीवर असताना अशी चढाई हा डावपेचाचा भाग असतो.

शिवाय प्रत्येक आकडा नियमाच्या अर्थावर अवलंबून असतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारत–इराण अंतिम सामन्यात, अखेरच्या दोन मिनिटांत २८–२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेले व त्यांच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. अशा वेळी केवळ चढाईपटू बाद की त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद, यावरून वाद होऊन सामना बराच वेळ थांबला आणि निर्णय अनेकदा बदलला. अखेर भारताने ३३–२९ असे सुवर्णपदक मिळवले. त्या संघात पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि नाशिकचे आकाश शिंदे यांचा समावेश होता. या सामन्याच्या गुणतक्त्यात अंतिम आकडे आहेत; एका सुवर्णपदकाचा निकाल नियमाच्या वाचनावर ठरला होता, हे मात्र त्या आकड्यांत दिसत नाही.