जीवाश्म-ओळख, शालेय (जालना जिल्हा)

खडकात किंवा जुन्या गाळात टिकून राहिलेले जीवांचे अवशेष वर्गात पारखण्याची रीत. जालना जिल्हा जवळजवळ सगळा बेसाल्टवर वसला आहे. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तापल्या लाव्ह्यात हाड-पान टिकत नाही. त्यामुळे विहिरीच्या खोदकामावरून किंवा मुरमाच्या खाणीतून मुलांनी आणलेले बहुतेक नमुने जीवाश्म नसतात. ते का नाहीत हे दाखवण्यातच निम्मा तास जातो. तो वाया गेला असे मानू नये.

सर्वांत जास्त फसवतात ती झिओलाइट खनिजे. लाव्ह्यातल्या पोकळ्यांत मागाहून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे स्फटिक वाढतात. मधे आवळलेला, दोन्ही टोकांना फुललेला स्टिल्बाइटचा जुडगा पाहून मुले हटकून ‘फूल’ म्हणतात. फटीतली काळी नक्षी नेच्याच्या पानासारखी भासते. ती मँगॅनीज ऑक्साइडची असते आणि भिंगाखाली तिच्यात शिरा सापडत नाहीत. पापुद्रे सुटणारे गोल गोटे डायनोसॉरची अंडी नव्हेत, बेसाल्ट झिजतोच तसा. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरची हाडे आणि खापरे पुरातत्त्वाच्या खात्यातली. भोकरदनला शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली, ती अशाच जागी.

खऱ्या जीवाश्माची आशा धरावी ती गोदाकाठी, अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या दक्षिण कडेला. याच नदीच्या वरच्या अंगाला, नांदूर मधमेश्वरच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांवर लिहिले. हत्तीच्या दाढेच्या घासलेल्या माथ्यावर इनॅमलच्या आडव्या वळ्या दिसतात, गाय-बैलाच्या दाढेवर चंद्रकोरी. जुने हाड ताज्यापेक्षा जड लागते आणि तुटल्या कडेला बारीक छिद्रे दाखवते. जीभ लावून ती चिकटते का हे पाहण्याची जुनी खूण शाळेत नको, ओले बोट पुरे.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडा फसफसतो, गारगोटी नाही. पण शिंपलाही फसफसतो आणि पोकळीतला कॅल्साइटही, म्हणून नुसत्या आम्लावर निकाल देऊ नये.

दहावीत शिकवले जाणारे कार्बनी वयमापन इथल्या खडकाला लागू नाही. त्याची मजल साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच.

तुलनेसाठी विदर्भातली फायसा ही गोगलगाय बरी. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या तळ्यांच्या गाळात ती सापडते. टोक वर धरले की तिचे तोंड डावीकडे येते. देवघरातला शाळिग्रामही चालेल. गंडकीच्या खोऱ्यातल्या या काळ्या गोट्यात बहुधा जुरासिक काळातला अ‍ॅमोनाइट असतो. घरची हरकत नसेल तरच आणावा, आम्ल तर मुळीच लावू नये.

नदीकाठी काही सापडल्यास उचलण्याआधी फोटो काढावा. गाव, घाट आणि थराची खोली लिहून ठेवावी. वाळूच्या ढिगातून आलेल्या दाढेचा थर मागाहून कोणी सांगू शकत नाही.